टपालासह किंमत

वडिलांना जाऊन २०२४ साली पंधरा वर्षे पूर्ण झाली. या पंधरा वर्षांत त्यांची पुस्तके माजघरातल्या दोन कपाटांत होती तशीच राहिली. आई होती तोवर त्यांना हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती. दरवर्षी पावसाळा सरला की ती सारी पुस्तके ओटीवर काढी, एकेक पुस्तक फडक्याने पुसून उन्हात ठेवी, कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरी आणि पुस्तके पुन्हा त्याच क्रमाने लावी. तिला लिहिता-वाचता बेताचेच येत असे. क्रम मात्र तिच्या हाताला पाठ होता. २०२३ साली आईही गेली. घराचे वासे वाळवीने पोखरले होते. घर उतरवून नवे बांधायचे ठरले आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो पुस्तकांचा.

माझा धाकटा भाऊ बोरिवलीला राहतो. तो फोनवर म्हणाला, “दादा, रद्दीवाल्याला बोलाव आणि मोकळा हो. ही पुस्तकं आता कोण वाचणार?”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्याच्या मुलांना मराठी बोलता येते, वाचायला कंटाळा येतो. माझी मुलगी वाचते, पण तिच्या दोन खोल्यांच्या घरात ४१२ पुस्तकांना जागा कुठली? शेवटी मी रद्दीवाल्याला बोलावले. अंदाजे १३० किलो वजन, किलोला चौदा रुपये, म्हणजे १,८२० रुपये. हिशेब सरळ होता, माणूसही सरळ होता. त्याने सुतळीने पहिला गठ्ठा बांधून काट्याला अडकवला. गठ्ठ्यात सर्वांत वर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ होते. मी म्हटले, “आज राहू दे.” त्याला चहा दिला. जाताना तो म्हणाला, “सगळे असंच करतात, काका. महिन्याभराने बोलावतात.”

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगार झाला की त्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी ते वसईहून गाडी पकडून चर्चगेटला जात आणि फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके धुंडाळीत. पदपथावर न मिळणारे पुस्तक पुण्याहून व्ही. पी. ने मागवीत. पोस्टमन दारात उभा राहिला की आईचा चेहरा उतरे, कारण पैसे तिच्या डब्यातून द्यावे लागत. अशी एकेक करून जमलेली पुस्तके एका दुपारी काट्याला लटकवणे मला जमले नाही. मी चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली आहे. जमा आणि खर्च या दोन रकान्यांवर माझी श्रद्धा आहे. तेव्हा पुस्तके वाचकांनाच विकावीत, योग्य किंमत घ्यावी आणि हिशेब चोख ठेवावा, असा निश्चय मी केला.

मुलीने इंटरनेटवरच्या एका विक्रीच्या संकेतस्थळावर माझे नाव नोंदवून दिले. पुस्तकांची छायाचित्रे कशी काढायची, माहिती कशी भरायची, हे तिने दोन रविवार बसून शिकवले. तिसऱ्याच दिवशी पहिली मागणी आली. एक कादंबरी, किंमत १५० रुपये. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. आठवड्याने पैसे खात्यात आले. ते ३२ रुपये होते.

प्रथम वाटले, काही चूक झाली असावी. मग कागद घेऊन बसलो. संकेतस्थळाची दलाली दहा टक्के, म्हणजे १५ रुपये. प्रत्येक मागणीमागे ठरावीक आकार २५ रुपये. पुस्तक पोहोचवण्याचे कुरिअर ६० रुपये. एकूण शंभर. आपल्याकडे छापील पुस्तकांवर जी. एस. टी. नाही, दलाली आणि कुरिअर या सेवांवर मात्र तो अठरा टक्के लागतो. म्हणून आणखी १८. एकशे पन्नासातून एकशे अठरा गेले, उरले ३२. पुठ्ठा, चिकटपट्टी आणि पावसाळी हवेसाठी प्लास्टिकची पिशवी यांचे १२ रुपये मी आधीच खर्च केले होते. म्हणजे हाती राहिले २० रुपये. यात कोणी मला फसवले नव्हते. सारे दर संकेतस्थळावर लिहिलेले होते. मीच ते वाचले नव्हते. चौतीस वर्षे लोकांना “सही करण्यापूर्वी नीट वाचा” असे सांगणाऱ्या माणसाने ते वाचले नव्हते!

मग मी दुसरा हिशेब मांडला. तेच पुस्तक ४०० रुपयांचे असते तर? दलाली ४०, आकार २५, कुरिअर ६०, मिळून १२५; त्यावर कर साडेबावीस. खर्च १४७ रुपये ५० पैसे, हाती अडीचशेहून अधिक. दलाली किमतीबरोबर वाढते, ठरावीक आकार आणि वाहतूक मात्र किमतीकडे पाहत नाहीत. चाळीस रुपयांच्या पुस्तकाला आणि चारशे रुपयांच्या पुस्तकाला वाटखर्च जवळपास सारखाच. दुर्मिळ पुस्तकाला तो सोसतो. साध्यासुध्या पुस्तकाचा त्यात जीव जातो. आणि वडिलांच्या कपाटात साधीसुधी पुस्तकेच जास्त होती.

तेव्हा मी दोन वाटा ठरवल्या. ज्या पुस्तकाला तीनशेच्या वर किंमत येईल तेच संकेतस्थळावर ठेवायचे. अनोळखी गिऱ्हाईक शोधून देण्याची दलाली तिथे रास्त ठरते. बाकीच्यांची यादी करून ओळखीच्या शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि वाचकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची, पैसे थेट खात्यात घ्यायचे आणि पुस्तक टपालाने धाडायचे. इथे दलाली नव्हती. पण वेळ होता. “पुस्तक आहे का?”, “आतले पान दाखवाल का?”, “थोडे कमी कराल का?” अशा प्रश्नांना उत्तरे देता देता सकाळ सरे. बायको एकदा म्हणाली, “अहो, तुमच्या वेळेची किंमत तुमच्या वहीत कुठे लिहिलीय?” तो रकाना मी केलाच नव्हता, अजूनही केलेला नाही.

टपालाचे मला आधी काही वाटत नसे. छापील पुस्तकांसाठी टपालखात्याची स्वतंत्र नोंदणी-सेवा होती आणि तिचे दर इतके कमी होते की एवढ्यात खात्याचे कसे भागते, असा प्रश्न पडे. १८ डिसेंबर २०२४ रोजी ती सेवा बंद झाली. मला ते खिडकीपाशी उभा असताना कळले. हातात चार पुडकी होती, चौघांकडून जुन्या दराने टपाल घेतलेले होते. खिडकीतल्या मुलीने सांगितले, “काका, ती सेवाच आता संगणकात दिसत नाही. पार्सल करा नाहीतर स्पीड पोस्ट.” चारही पुडकी स्पीड पोस्टने गेली. वरचा खर्च मी सोसला. शब्द दिला होता तो पुस्तकाचा, आणि टपाल त्यातच आले.

पुढचे साडेचार महिने कठीण गेले. पन्नास रुपयांच्या पुस्तकाला पुस्तकाहून अधिक टपाल पडू लागले. लोकांचे तरी काय चुकले? ते विचारीत, “पुस्तक पन्नासचे आणि टपाल त्याहून जास्त? मग राहू द्या.” मी कुरिअर करून पाहिले. अकरा पुस्तके एका खोक्यात भरली, घरच्या काट्यावर वजन केले, २ किलो २०० ग्रॅम. कुरिअरवाल्याने पैसे घेतले तीन किलोचे. त्याने फीत काढून खोके मोजून दाखवले. लांबी ३०, रुंदी २५, उंची २० सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार १५,०००, त्याला ५,००० ने भागले की आले तीन. खरे वजन आणि हे आकारावरून काढलेले वजन, यांतले जे जास्त त्याचे पैसे घ्यायचे, अशी कुरिअरची रीत असते. म्हणजे खोक्यातल्या रिकाम्या जागेचे भाडे मी भरले होते. त्यानंतर मी खोकी कापून पुस्तकांच्या मापाची करू लागलो. स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा काटा कायमचा माजघरात आला. बायकोने नवा घेतला आणि त्याची पावती माझ्या वहीत ठेवली.

याच काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. एक जुने चरित्र ३५० रुपयांना विकले गेले. माहितीत मी लिहिले होते, ‘स्थिती उत्तम’. बाहेरून ती उत्तमच होती. दहा दिवसांनी पुस्तक परत आले. घेणाऱ्याने लिहिले होते की मधली सोळा पाने नाहीत. मी उघडून पाहिले. खरेच, सोळा पृष्ठांचा एक पूर्ण फर्मा बांधणीतच राहून गेला होता. जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही कुरिअर माझ्या नावे पडले. पण पैशांहून त्या गृहस्थांचे एक वाक्य लागले. त्यांनी लिहिले होते, ‘आपण पुस्तक उघडून पाहिले असते तर बरे झाले असते.’ काट्यावर मी प्रत्येक पुस्तक ठेवीत होतो. ग्रॅमपर्यंत वजन लिहीत होतो. पण मी ते उघडत नव्हतो. खोट्या तराजूची देवाला किती चीड आहे हे नीतिसूत्रांच्या ग्रंथात आपण लहानपणापासून ऐकतो. न पाहता ‘उत्तम’ लिहिणे हाही खोटा तराजूच, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळले.

त्यानंतर प्रत्येक पुस्तक मी पानन् पान उलटून पाहू लागलो. कसर कुठे लागली आहे, रेघा कुठे मारल्या आहेत, मुखपृष्ठ सुटे आहे का, सारे लिहू लागलो. आश्चर्य म्हणजे विक्री कमी झाली नाही. उलट, “दोष आधी सांगता, म्हणून तुमच्याकडूनच घेतो,” असे दोघा-तिघांनी कळवले. आणि त्या पाने उलटण्यातच मला वडिलांचे हिशेब सापडले.

व्ही. पी. ने मागवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने तीन ओळी होत्या. पुस्तकाची किंमत, खाली टपाल, रेघ मारून बेरीज. एका पुस्तकावर होते: ‘पु. ६.००, ट. १.४०, ए. ७.४०’. कुठेही नुसती किंमत नव्हती. आई एकदा त्यांना म्हणाल्याचे मला आठवते, “सहा रुपयांच्या पुस्तकाला दीड रुपया पोस्टाचा कशाला?” त्यांनी शांतपणे उत्तर दिले होते, “ते पुण्यात सहा रुपयांचं आहे. आपल्या घरात सात रुपये चाळीस पैशांचं.” तेव्हा मला तो मास्तरी काटेकोरपणा वाटला होता. आता तीच पुस्तके उलट्या वाटेने निघाली असताना, वाटखर्च कोणावर टाकावा याची मी घासाघीस करीत होतो. त्या दिवसापासून मी पुस्तकाची किंमत आणि टपाल वेगवेगळे सांगणे सोडून दिले. एकच आकडा सांगू लागलो: घरपोच इतके. घासाघीस आपोआप कमी झाली.

१ मे २०२५ पासून टपालखात्याने ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू केली. पुस्तके आणि छापील शैक्षणिक साहित्य यांसाठी ती आहे. पुडके जमिनीवरच्या मार्गाने जाते, म्हणून थोडे सावकाश पोहोचते. पण कुठवर गेले ते पाहता येते. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असे ठरले, कर वेगळा. मी पुन्हा कागद घेऊन बसलो. आमच्याकडची बरीचशी पुस्तके २७०-२८० ग्रॅमची. पुठ्ठा थोडा जाड झाला की पुडके तीनशेच्या पुढे जाऊन वरच्या दरात पडे. म्हणून बारीक पुस्तकांना पातळ पुठ्ठा लावू लागलो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट कागदावर दिसली. एकटे पुस्तक निघाले तर त्याला २० रुपये. तशीच पंधरा पुस्तके एका पुडक्यात निघाली तर सर्वांना मिळून शंभर, म्हणजे प्रत्येकाला पावणेसात रुपयांहूनही कमी. पंधरा पुडक्यांऐवजी बांधायचेही एकच.

वर्षभर मी पुस्तके एकेकटी पाठवीत होतो आणि वाटखर्चाला दोष देत होतो. आता मी यादी मोडून संच केले. संतसाहित्य आणि त्यावरची टीका एकत्र. चरित्रे-आत्मचरित्रे एकत्र. मुलांची पुस्तके एकत्र. व्याकरण, निबंध आणि शिक्षकांसाठीची पुस्तके एकत्र. हे करताना लक्षात आले की मी नवे काहीच करीत नव्हतो. कपाटातला क्रम हाच होता. वडिलांनी लावलेला, आईने पंधरा वर्षे सांभाळलेला. मुलांच्या पुस्तकांचा संच एका आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी घेतला. तो मी टपालाच्या खर्चातच दिला. व्याकरणाचा संच नव्याने नोकरीला लागलेल्या एका शिक्षिकेकडे गेला. संच पोहोचल्यावर तिने विचारले, “समासांतल्या या टिपा कोणाच्या आहेत? फार उपयोगी आहेत.” त्या टिपांमुळे मी त्या संचाची किंमत कमी लावली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये, चौदा महिन्यांनंतर, मी वहीत बेरीज केली. विकलेली पुस्तके १८७. सर्व खर्च वजा जाता हाती राहिलेले ९,३४० रुपये. पुस्तकामागे सुमारे पन्नास. ऐंशीच्या आसपास पुस्तके देऊन टाकली. वाळवी लागलेली काही खरोखरच रद्दीत गेली. तो रद्दीवाला पुन्हा आला तेव्हा हसला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. उरलेल्या पुस्तकांत एक होते ते फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली रोमी लिपीत प्रथम छापल्या गेलेल्या या ग्रंथाची १९५६ साली पुण्याहून निघालेली, शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली ही देवनागरी आवृत्ती. जाडजूड ग्रंथ. उपवासकाळात रात्री जेवणे झाली की वडील त्यातल्या ओव्या चालीवर वाचीत. आम्हा भावंडांना अर्थ फारसा कळत नसे, डोळे मिटत.

जुन्या मराठीचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने यादीत ते नाव पाहून विचारणा केली. तिच्या ऐपतीच्या मानाने मोठी किंमत तिने स्वतःहून देऊ केली. मी विचार केला. वडील गेल्यापासून आमच्यापैकी कोणीही ते उघडलेले नव्हते. तिच्या हाती ते वाचले जाईल. मी होकार कळवला, पैसे मात्र अजून घेतले नव्हते. काटा काढला, वजन केले, पुठ्ठा कापला.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. बोलता बोलता मी सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “ते विकलंस?”

“तूच म्हणाला होतास, रद्दीत घाल म्हणून.”

“पुस्तकं म्हणालो होतो मी. ते नव्हतो म्हणालो.” पुन्हा थोडे थांबून तो म्हणाला, “किंमत सांग. मी पाठवतो.”

आता मी पेचात सापडलो. एकीकडे भाऊ, दुसरीकडे दिलेला शब्द. रात्रभर विचार करून सकाळी मी त्या मुलीला सारे खरे ते लिहिले. माझ्याकडून शब्द मोडत आहे, क्षमा कर, असे कळवले. तिचे उत्तर तासाभरात आले. तिने लिहिले होते, ‘काका, घरातच राहत असेल तर आनंद आहे. पण मला चार महिने ते हवे होते. कधी येऊन पाहता येईल का?’

रविवारी मिस्सा आटोपून भाऊ पुराण न्यायला आला. मी त्याला ते पत्र दाखवले. त्याने ते दोनदा वाचले. मग ग्रंथ उघडून तो बराच वेळ मधलेच एक पान पाहत बसला. ओवी त्याला चालीवर म्हणता आली नाही. एक चरण अर्धवट गुणगुणून तो थांबला. शेवटी ग्रंथ माझ्यापुढे सरकवीत म्हणाला, “तिला पाठव. चार महिन्यांनी परत कर म्हणावं. जायचं-यायचं दोन्ही टपाल माझ्याकडून.”

मी पुठ्ठा नव्याने कापला, या वेळी थोडा जाड. पुडके दुसऱ्या दिवशी टपालात पडले. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: जमा, शून्य. खर्च, टपाल. ती रक्कम भावाने पाठवली आहे, पण मी ती अजून जमेच्या रकान्यात धरलेली नाही. ग्रंथ परत आला की त्याच्या शेवटच्या पानावर, वडिलांच्या नोंदीखाली, आम्ही दोघे मिळून तिची बेरीज करणार आहोत.